सूत्राची हद्द

लातूर शहराचे नाव महाराष्ट्रात ज्या कारणांनी गाजले त्यांत ‘लातूर पॅटर्न’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अध्यापनपद्धतीचा क्रम बराच वरचा आहे, आणि शेजारच्या नांदेडनेही अलीकडे त्या लौकिकात आपला वाटा मिळवला आहे. वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांच्या तयारीसाठी गावोगावांहून आलेली मुले या दोन शहरांत भाड्याच्या खोल्यांत राहतात, आणि त्या खोल्यांच्या भिंतींवर पदार्थविज्ञानाच्या सूत्रांचे तक्ते चिकटवलेले असतात. तक्ता पाठ असणे ही काही निंद्य गोष्ट नव्हे. परंतु सूत्र मुखोद्गत असणे आणि त्या सूत्राचा अंमल कोठे सुरू होतो व कोठे संपतो याची जाण असणे, या सर्वस्वी भिन्न गोष्टी आहेत, आणि तक्त्यावर केवळ सूत्र छापलेले असते, त्याची हद्द छापलेली नसते. विद्युत् आणि इलेक्ट्रॉनिकी यांचा नव्याने अभ्यास करणाऱ्याने आरंभीची पाच-सात सूत्रे कशी हाताळावीत याचा विचार येथे मराठवाड्यातील बोअर, डीपी (म्हणजे शिवारातले वीज-रोहित्र) आणि जमीन यांच्या संगतीने करावयाचा आहे; कारण ज्या कसोट्यांवर ही सूत्रे घासून पाहावीत त्या बहुतेक कसोट्या या दोन जिल्ह्यांच्या शिवारात आयत्या हाताशी आहेत.

प्रारंभ प्रवाहापासून करू. तारेच्या छेदातून एका सेकंदात जेवढा विद्युत्भार वाहून जातो तो प्रवाह; भार कुलोंबात आणि काळ सेकंदात मोजला म्हणजे प्रवाह अँपिअरमध्ये येतो. पुस्तकांतून या ठिकाणी नळाच्या पाण्याचा दाखला देण्याची वहिवाट आहे, पण लातूरकरांपाशी याहून नेमका दाखला आहे. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. १२ एप्रिलला पोहोचलेल्या पहिल्या गाडीच्या १० वाघिणींत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते, आणि पुढे ५० वाघिणींच्या गाड्या सुरू झाल्यावर एका खेपेस सुमारे २५ लाख लिटर येऊ लागले. वाघिणींत भरलेले पाणी हा भार, आणि दररोज शहरात उतरणारे पाणी हा प्रवाह. शहराचा निभाव पहिल्यावर लागत नाही, दुसऱ्यावर लागतो. दाब म्हणजे एका कुलोंब भारामागे किती जूल कार्य होते त्याचे प्रमाण, आणि हे एकदा ध्यानात आले की शक्तीचे सूत्र पाठ करण्याचे प्रयोजनच उरत नाही: कुलोंबामागे जूल या राशीला सेकंदामागे कुलोंब या राशीने गुणले की कुलोंब उडतो आणि सेकंदामागे जूल, म्हणजे वॅट, शिल्लक राहतो. शक्ती = दाब × प्रवाह, हे सूत्र व्याख्यांतूनच निघत असल्यामुळे त्या-त्या क्षणापुरते ते तारेला, दिव्याला, मोटारीला, सर्वांना लागू पडते. त्याला हद्द नाही.

ओहमच्या नियमाची गोष्ट वेगळी. तो व्याख्येतून निघालेला नाही, प्रयोगातून निघालेला आहे. जर्मनीतील कोलोन येथे शाळेत शिक्षक असलेल्या गेओर्ग झिमोन ओहम यांनी आरंभी व्होल्टाच्या विद्युत्घटावर मोजमापे केली, परंतु त्या घटाचा दाब क्षणोक्षणी ढळत असल्याने निष्कर्ष जुळेनात. तेव्हा त्यांनी तांबे आणि बिस्मथ यांच्या सांध्याचे एक टोक उकळत्या पाण्यात व दुसरे बर्फात ठेवून स्थिर दाब मिळवला, आणि निरनिराळ्या लांबीच्या तारा जोडून प्रवाह मोजला. १८२७ साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्याची स्वदेशात उपेक्षा झाली, आणि लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कोप्ली पदक दिले ते १८४१ साली. दाब = प्रवाह × रोध, एवढेच हे सूत्र; परंतु त्यातील मर्म गुणाकारात नसून रोध ही राशी दाब बदलला तरी बदलत नाही, या निरीक्षणात आहे. हे निरीक्षण धातूच्या तारेविषयी, आणि तेही तापमान कायम असताना, खरे आहे. ज्या पदार्थात ते खरे नाही तेथेही दाबाला प्रवाहाने भागता येतेच, आणि येणाऱ्या संख्येला रोध म्हणताही येते. पण ती संख्या दुसऱ्या दाबाला उपयोगी पडेल अशी हमी राहत नाही.

तारेपुरते हे सूत्र किती कामाचे आहे ते पाहण्यासाठी लातूर जिल्ह्यातल्या एखाद्या खोल बोअरकडे वळू. पाणबुडी मोटार ५ अश्वशक्तीची आहे आणि स्टार्टरपासून तिच्यापर्यंत तांब्याची २.५ चौरस मिलिमीटर छेदाची तीन पदरी केबल २०० मीटर उतरवली आहे असे समजू. तारेचा रोध = रोधकता × लांबी ÷ छेदाचे क्षेत्रफळ; तांब्याची रोधकता मीटर-ओहमच्या मापात सुमारे १.७२ भागिले १० कोटी इतकी असल्यामुळे प्रत्येक पदराचा रोध १.३८ ओहम भरतो. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. तेव्हा मोटारीने ३,७३० वॅट काम द्यावयाचे, तिची कार्यक्षमता शेकडा ८० आणि शक्तिगुणक (पॉवर फॅक्टर) ०.८ धरला, तर ४१५ व्होल्टांच्या त्रिकला (थ्री-फेज) पुरवठ्यावर तिला सुमारे ८ अँपिअर प्रवाह लागतो. म्हणजे एका पदरात ११ व्होल्ट खर्ची पडतात, दोन फेजांमधील दाबात १९ व्होल्टांपर्यंत घट येऊ शकते, आणि प्रवाहाचा वर्ग × रोध या जूलच्या सूत्राने तिन्ही पदरांत मिळून सुमारे २६५ वॅट उष्णता निर्माण होते. केबल ४ चौरस मिलिमीटरची घेतली असती तर हाच तोटा १६५ वॅटांवर आला असता. दुकानात केबल घेताना जो फरक निव्वळ किमतीचा वाटतो तो पुढे वर्षानुवर्षे विजेच्या हिशेबात वसूल होत राहतो, आणि हा हिशेब मांडण्यास सातवीच्या गणितापलीकडे काही लागत नाही.

आता एक कोडे. उन्हाळ्यात डीपीवर भार वाढला, ४१५ व्होल्टांऐवजी ३४० व्होल्टच मिळू लागले, म्हणजे मोटारी जळू लागतात, आणि वायंडिंग पुन्हा भरून देणाऱ्या दुकानांपुढे गावोगावच्या मोटारी येऊन पडतात, हा अनुभव मराठवाड्यातील कोणाही शेतकऱ्याला सांगावा लागत नाही. ओहमचा नियम नुकताच शिकलेला विद्यार्थी मात्र येथे अडतो. दाब कमी झाला तर प्रवाह कमी व्हावा, प्रवाह कमी झाला तर उष्णता कमी व्हावी, मग मोटार जळावी कशी? दुकानातला कारागीर ‘व्होल्टेज पडले की अँपिअर चढतात’ इतकेच सांगतो, आणि त्याचे सांगणे बरोबर असते. फिरणारी मोटार म्हणजे निव्वळ तार नव्हे. फिरताना ती पुरवठ्याच्या विरुद्ध दिशेने स्वतःचा दाब निर्माण करते, आणि प्रवाह ठरतो तो मुख्यत्वे या दोन दाबांच्या वजाबाकीवर. पंपाने तेवढेच पाणी तेवढ्याच उंचीवर चढवावयाचे असल्याने मोटारीला तेवढीच शक्ती हवी असते, आणि शक्ती कायम ठेवून दाब घटला तर प्रवाह वाढलाच पाहिजे: ८ अँपिअरचे सुमारे ९.८ अँपिअर होतात. प्रवाह सव्वापटीच्या आत वाढला असला, तरी वायंडिंगमधील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे जवळजवळ दीडपट होते. शिवाय तापलेल्या तांब्याचा रोध दर अंशाला शेकडा ०.३९ने वाढतो, म्हणजे उष्णतेत आणखी भर पडते. येथे ओहमचा नियम खोटा ठरला नाही. वायंडिंगच्या तारेवर त्याचा अंमल चालूच आहे, पण अख्ख्या मोटारीवर तो लादणे गैर होते. परीक्षेत हा प्रश्न क्वचितच विचारला जातो, आणि माझ्या मते इलेक्ट्रॉनिकीच्या पहिल्या महिन्यात विचारण्याजोगा याच्याइतका चांगला प्रश्न दुसरा नाही.

मोटारीवर न चालणारा हा नियम जमिनीवर मात्र चालतो. बोअर कोठे घ्यावा हे ठरवण्यासाठी पाणाड्याला बोलावून त्याच्या तळहातावरचा नारळ कोठे उभा राहतो ते पाहण्याची रीत या भागात अद्याप आहे. पण भूजल शोधणाऱ्या शास्त्रज्ञांची रीत म्हणजे साक्षात ओहमचे सूत्रच आहे. फ्रँक वेनर या अमेरिकी शास्त्रज्ञाच्या नावाने चालणाऱ्या पद्धतीत चार सळया समान अंतरावर एका रेषेत जमिनीत ठोकतात, बाहेरच्या दोन सळयांतून जमिनीत प्रवाह सोडतात आणि आतल्या दोन सळयांमधील दाब मोजतात. तार असती तर दाबाला प्रवाहाने भागून काम संपले असते. परंतु जमिनीत प्रवाह चहूकडे पसरत जातो, म्हणून त्या भागाकाराला २ × ३.१४ × सळयांमधील अंतर एवढ्याने गुणावे लागते, आणि जमिनीची रोधकता मिळते. अंतर २० मीटर, प्रवाह १०० मिलिअँपिअर आणि दाब ४० मिलिव्होल्ट असेल तर उत्तर सुमारे ५० ओहम-मीटर येते. सळयांमधील अंतर वाढवत नेले म्हणजे प्रवाह अधिकाधिक खोल जातो, आणि एका ठिकाणी उभे राहून खालच्या थरांचा अंदाज बांधता येतो. मिलिव्होल्टांचे वाचन गढूळ करणारे इतर दाब जमिनीत नेहमीच असतात, म्हणून प्रवाहाची दिशा उलटसुलट करून वाचने घेतात आणि त्यांची सरासरी काढतात.

अंकांचा अर्थ लावणे हे खरे काम. ओली काळी जमीन अवघी ५-१० ओहम-मीटरच्या आसपास असते; अखंड, भेगा नसलेला काळा पाषाण शेकड्यांनी मोजावा लागतो; आणि झिजलेला, भेगाळलेला, पाणी धरून ठेवणारा पाषाण या दोहोंच्या मध्ये कोठेतरी पडतो. लातूर जिल्ह्यात हा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, सर्वत्र आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंपाने हाहाकार केल्यानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने तेथे ६१७ मीटर खोल छिद्र घेतले, तेव्हा बेसॉल्टचा थर सुमारे ३३८ मीटरांवर संपून त्याखाली प्राचीन स्फटिकी खडक लागला. नांदेड जिल्ह्यात देगलूर-बिलोलीकडे गेले की हे आच्छादन सरते आणि ग्रॅनाइट थेट भूपृष्ठावर दिसू लागतो. तेव्हा लातूरच्या अंकांवर बसवलेला आडाखा देगलूरला तसाच लावून चालत नाही. आणि एक अडचण सर्वत्रच राहते: चिकणमातीचा थर रोधकता कमी दाखवतो आणि पाणीही कमी दाखवते. लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये सापडणारी तांबडी माती यंत्रावर पाण्यासारखीच दिसते, पण तिच्यातून बोअरला पाणी येत नाही. सूत्राने रोधकता सांगितली, पाणी सांगितले नाही. पाण्याचा निर्णय भूशास्त्रज्ञाने आसपासच्या विहिरी पाहून करावयाचा असतो. शेतकऱ्याला ‘यंत्राने पाणी दाखवले’ असे छातीठोकपणे सांगून पैसे घेणारा आणि नारळ उभा करणारा यांच्यात मग फारसे अंतर उरत नाही.

इलेक्ट्रॉनिकी खऱ्या अर्थाने सुरू होते ती जेथे ओहमची हद्द संपते तेथे. डायोड, एलईडी, ट्रान्झिस्टर हे अर्धसंवाहकांचे घटक त्या नियमाला जुमानत नाहीत. आदर्श सिलिकॉन डायोडात दाब सुमारे ६० मिलिव्होल्ट वाढला की प्रवाह दसपट होतो. म्हणूनच एलईडी थेट बॅटरीला जोडू नये, तिच्यासोबत रोधक जोडावा, असे सांगतात. तो रोधक किती असावा हे किर्कहॉफ यांनी १८४५ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, मांडलेल्या नियमाने ठरते: बंद मंडलात फिरून मूळ जागी आले की दाबांची बेरीज-वजाबाकी शून्य झाली पाहिजे. १२ व्होल्टांची बॅटरी, पांढऱ्या एलईडीवर सुमारे ३ व्होल्ट, तेव्हा रोधकावर ९ व्होल्ट उरले. २० मिलिअँपिअर प्रवाह हवा असेल तर ९ ÷ ०.०२ = ४५० ओहम. बाजारात ४७० मिळतो. त्याच्यावर पिवळा, जांभळा, तपकिरी असे पट्टे असतात. त्याने प्रवाह १९ मिलिअँपिअरवर येईल, रोधक ०.१७ वॅट उष्णता सोडील, आणि पाव वॅटचा रोधक त्याला पुरेल. या एका उदाहरणात किर्कहॉफ, ओहम आणि जूल तिघेही येऊन जातात, परंतु ओहम लावला तो रोधकावर, एलईडीवर नव्हे. नवशिक्यांच्या चुका बहुधा येथेच होतात.

धारित्राचे, म्हणजे कंडेन्सरचे, सूत्र शेतीपंपाच्या ‘ऑटो स्विच’जवळ भेटते. शेतीला त्रिकला वीज ठराविक तासच मिळते, तीही कधी रात्री. म्हणून वीज येताच मोटार आपोआप चालू करणारे हे उपकरण शेतकरी बसवतात. मोटार सुरू होताना नेहमीच्या सहापटीपर्यंत प्रवाह ओढते. १०० केव्हीएच्या रोहित्राचा पूर्ण भार सुमारे १३९ अँपिअर. चालू स्थितीत ८ अँपिअर घेणाऱ्या सतरा मोटारी त्यावर सुखाने चालतील, पण सुरू होण्याच्या क्षणी ४८ अँपिअर ओढणाऱ्या तीनच मोटारी त्याला पुऱ्या पडतात. सतराही ऑटो स्विच एकाच क्षणी ओढले गेले तर डीपीवरील फ्यूज उडतो, आणि साऱ्या शिवाराची पाळी वाया जाते. यावर उपाय विलंबाचा: रोधकातून धारित्र भरू द्यावे आणि ते पुरेसे भरल्यावर स्टार्टर ओढावा. रोध × धारिता हा गुणाकार सेकंदांत येतो. १०० किलोओहम आणि १०० मायक्रोफॅरड घेतले तर १० सेकंद. एवढ्या काळात धारित्र पूर्ण भरते असा समज असतो, तो चुकीचा. ते शेकडा ६३ भरते, आणि जवळपास पूर्ण भरण्यास याच्या पाचपट काळ जातो. गंमत अशी की सर्वांनी १० सेकंदांचाच विलंब ठेवला तर सर्व मोटारी दहाव्या सेकंदाला एकदम सुरू होतील आणि अडचण तशीच राहील. प्रत्यक्षात स्वस्त विद्युत्अपघटनी धारित्रांची धारिता लिहिल्यापेक्षा शेकडा २० इतकी कमीजास्त असण्याची मुभा कारखानदाराला असते, त्यामुळे कोणी आठव्या सेकंदाला उठतो, कोणी बाराव्या. कारखान्यातील ढिलाई येथे थोडीफार उपकारक ठरते. शहाणपणाचा मार्ग मात्र शेजाऱ्याशी बोलून वेगवेगळे विलंब ठेवणे हाच.

मोटारीला जोडावयाचे कंडेन्सर हे निराळे प्रकरण. महावितरण ते बसवण्याचे आवाहन करीत असते, आणि त्याचे गणित असे: शक्तिगुणक ०.८ वरून ०.९५ वर आणण्यास ५ अश्वशक्तीच्या मोटारीला सुमारे २ केव्हीएआर क्षमतेचा कंडेन्सर पुरतो, प्रवाह ८ वरून ६.७ अँपिअरवर येतो, आणि वाहिनीतील उष्णतेचा तोटा शेकडा २९ ने घटतो. परंतु कंडेन्सर स्टार्टरशी बसवला तर ही घट डीपीपासून स्टार्टरपर्यंतच्या तारेतच होते. स्टार्टरपासून बोअरमध्ये उतरलेल्या २०० मीटर केबलीतून पूर्वीइतकेच ८ अँपिअर जात राहतात. कंडेन्सर लावला म्हणून केबल बारीक घेतली तर चालेल, असे कोणी सांगू लागला तर त्याला मंडलाची आकृती काढून दाखवावयास सांगावे.

राहिला माणसाचा देह. ओल्या हाताने जिवंत तार धरली आणि पाय ओल्या जमिनीवर असले तर शरीराचा रोध १,००० ओहमच्या घरात येतो, आणि २३० व्होल्टांखाली २३० मिलिअँपिअर प्रवाह देहातून जाऊ शकतो. जीव वाचवण्यासाठी घरात बसवावयाचे गळतीरक्षक उपकरण ३० मिलिअँपिअरलाच वीज तोडते, यावरून हा आकडा किती भयंकर आहे ते कळावे. कोरड्या कातडीचा रोध पुष्कळ अधिक असतो, परंतु घामाने आणि वाढत्या दाबाने तो कोसळतो. म्हणजे ज्या रोधावर विसंबून कोणी डीपीवर चढून फ्यूज टाकतो तो रोध ऐन वेळी तेवढा राहत नाही. तेव्हा ज्यांना ही सूत्रे हाताने पडताळून पाहावयाची आहेत त्यांनी एक साधा मल्टिमीटर, ९ व्होल्टांची बॅटरी, चार-पाच रोधक, एक एलईडी आणि एक धारित्र एवढ्यावर आरंभ करावा, आधी गणित मांडून मग मोजावे, आणि जेथे दोन्ही जुळत नाहीत तेथे अधिक वेळ थांबावे. डीपीची पेटी उघडण्याचे काम लाइनमनचे आहे. ते त्याच्यावरच सोडावे.